जनावरासमोर बोलू नये

चाकण,
शुक्रवार, ता. ३ जून १९५५

ती. सौ. कुसुमताईस,

धाकट्या इंदूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात. प्रत्यक्षात ताठ उभ्यानेच करते आहे, कारण परवा एका अडलेल्या वासराचे पाय धरून ओढताना कमरेत जी उसण भरली, ती अजून उतरलेली नाही. वासरू सुखरूप आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? नानासाहेबांचा खोकला? आणि परसातली कपिला? हल्ली माणसांच्या पाठोपाठ गुरांची चौकशी केल्याशिवाय मला पत्र पुरं झाल्यासारखं वाटत नाही, तेव्हा रागावू नकोस. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. नानासाहेबांनी एवढी खटपट करून ह्यांच्यासाठी पुण्याची जागा जवळजवळ ठरवूनच आणली, हे वाचून मला काय वाटलं ते कसं सांगू! आता ह्यांचा रीतसर बदलीचा अर्ज तेवढा येत्या सोमवारच्या आत नानासाहेबांच्या हातात पडायला हवा, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला जाईल आणि मग तीन वर्षं चाकण सुटायचं नाही, हेही नीट वाचलं. दोनदा वाचलं. अर्ज तयार आहे. ह्यांनी कालच सही केली. संध्याकाळच्या एस.टी.ने टपाल जातं, त्यात हे पत्र आणि अर्ज एकाच पाकिटातून पाठवते. माघ महिन्यात मीच तुला अकरा पानी रडगाणं लिहिलं होतं, "ताई, काहीही कर पण आम्हांला इथून काढ" म्हणून, आणि त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. (ह्या वेळी अकरा पानं होणार नाहीत. वाण्याकडचा कागद संपला आहे, उद्याच्या बाजाराशिवाय नवा यायचा नाही. म्हणून अक्षर बारीक काढते आहे. चष्मा लावून वाच.)

तेव्हा मी काय काय लिहिलं होतं ते तुला आठवत असेल. गुरांच्या दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या, घरभर फिनेलचा वास, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच तो खोडा. खोडा म्हणजे चार खांब आणि आडवे दांडे, त्यात जनावर उभं करून बांधतात. पोळी लाटताना मान वर केली की समोर म्हशीचं तोंड. पहिल्या आठवड्यात सगळ्या म्हशी मला सारख्या दिसायच्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांचे चेहरे निरनिराळे ओळखू यायला लागले, आणि त्याच दिवशी घाबरून मी तुला पत्र लिहायला बसले.

आता तर दुखणीही ओळखीची झाली आहेत, अगदी नातेवाइकांसारखी. लाळ-खुरकत ही गावभर हिंडणारी आत्या. एका घरी येऊन राहत नाही, सगळ्यांकडे जाते, तोंडाला फोड आणि खुरांना जखमा देऊन पुढच्या गावी निघते, पण मोठ्या जनावराचा जीव सहसा घेत नाही. पोटफुगी म्हणजे लग्नाच्या पंगतीतला हावरा मामा. कोवळा चारा अधाशासारखा खाल्ला की जनावर डाव्या कुशीला नगाऱ्यासारखं फुगतं. दगडी नावाप्रमाणेच, कास दगडासारखी घट्ट होते आणि गाय वासरालासुद्धा लाथ मारते. फऱ्यात मांडीला सूज येते आणि ती दाबली की आत चुरचुर वाजते, पापड मोडावा तशी. (हे मी स्वतःच्या बोटांनी दाबून पाहिलं. तेव्हापासून आमच्याकडे पापड भाजलेला नाही.) आणि ह्या सगळ्यांत वाईट घटसर्प. पावसाळ्याच्या तोंडाशी येतो. सकाळी गळा सुजतो, दुपारी घरघर लागते, आणि दुसरा दिवस उजाडतो तो रिकाम्या दाव्यावर. गेल्या पावसाळ्यात, आम्ही येण्याच्या आधी, इथल्या एकाच आळीतले सात बैल गेले. त्या आळीतून जाताना अजूनही एका गोठ्यात नुसते खुंटे दिसतात. म्हणून ह्यांनी आल्याआल्याच ठरवलं होतं, की यंदा मृगाच्या आधी गावातल्या एकूण एक जनावराला लस टोचायची. ह्यांचा हट्ट तुला ठाऊक आहे. बोलत नाहीत, पण सोडतही नाहीत.

आता इथली एक रीत सांगते, म्हणजे पुढची फजिती समजेल. इथे जनावराच्या समोर त्याच्या दुखण्याचं नाव काढत नाहीत. काढलं तर ते ऐकतं आणि मनाला लावून घेतं, अशी पक्की समजूत. म्हणजे बघ, माणूस तीन कोसांवरून बैल घेऊन येतो, खोड्यात बांधतो, हे विचारतात, "काय होतंय?" तर तो आभाळाकडे बघतो. पुन्हा विचारलं की पायातला जोडा बघतो. मग हळूच ह्यांची बाही ओढतो, "सायेब, जरा भिताडामागं या." दवाखान्याच्या कडेला एक अर्धवट भिंत आहे (कुणी, कधी आणि कशासाठी अर्धी बांधून सोडली ते सरकारलाही माहीत नसावं). तिच्यामागे गेलं की तोच माणूस घडाघडा बोलतो. मुंबईच्या कॉलेजात ह्यांना जनावरांची नाडी, ताप, रवंथ सगळं शिकवलं, पण दिवसातून वीस वेळा भिंतीमागे जायचं असतं हे कुणी शिकवलं नाही. मीरासाहेब टांगेवाल्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्याची घोडी पोटशुळानं लोळत होती, तिला सोडून भिंतीमागे जायची सोय नव्हती. तेव्हा त्यानं आपल्या दोन्ही तळव्यांनी तिचे कान झाकून धरले आणि म्हणाला, "हां, आता बोला डाक्टरसाब. हळू बोला मात्र, ही लई हुशार हाय."

पण खरी पंचाईत बायकांची. शालनबाई म्हणून एक आहे, भाजीचा मळा करते. गाय घेऊन आली आणि पदर तोंडात धरून उभी. गाईसमोर बोलायचं नाही, म्हणून भिंतीमागे जायला हवं, आणि भिंतीमागे परक्या पुरुषाशी कासेबद्दल बोलायचं तर जीव गेला तरी बेहत्तर. अर्धा तास ती, गाय आणि हे असे तिघं एकमेकांकडे बघत उभे. शेवटी मीच कणकेच्या हातानं बाहेर आले, तिला भिंतीमागे नेलं, ऐकलं, परत येऊन ह्यांच्या कानात सांगितलं, "दगडी. उजवीकडचं मागचं थान. तीन दिवस." ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं मीठ जास्त झालं की काय. त्या दिवसापासून गावातल्या बायका गुरं घेऊन आल्या की हे कुठे आहेत ते विचारतच नाहीत. "डाक्टरीणबाई हायत का?" म्हणतात. माघातल्या पत्रात हे मी लिहिलं नव्हतं. का नाही लिहिलं, कोण जाणे.

तर लस. गेल्या महिन्याच्या मध्यावर पुण्याहून बर्फात घालून लस आली. ती आम्ही माझ्या पाण्याच्या रांजणाशेजारी ओल्या वाळूत पुरून ठेवली (आणि आम्ही आठ दिवस कोमट पाणी प्यालो). आता गावाला कळवायचं कसं? दवंडी. गावचा कोतवाल ज्योतीराम दवंडी पिटतो. पण शब्द कोण लिहून देणार? अक्षर माझं चांगलं, भाषा माझी शुद्ध, शाळेत निबंधाला बक्षीस मलाच मिळायचं (तुला नाही, हे इथे मुद्दाम लिहिते). मी चांगला भरघोस मजकूर लिहून दिला, की घटसर्प हा भयंकर रोग आहे, घटसर्पानं अमुक होतं, घटसर्पापासून बचावासाठी लस टोचून घ्या. ज्योतीरामानं कागद वाचला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "बाई, हे असंच म्हणू?" मी म्हटलं, "अगदी असंच. एक शब्द गाळू नका." बिचारा आज्ञाधारक माणूस. सकाळच्या प्रहरी, धारा काढून झालेल्या, गुरं अजून रानात गेलेली नाहीत, अशा वेळी प्रत्येक गोठ्याच्या तोंडाशी उभा राहून त्यानं माझा निबंध खणखणीत आवाजात वाचला. सगळ्या गावाच्या सगळ्या गुरांना.

दुसऱ्या दिवशी हे पहाटेपासून सुया उकळून बसले. दुपारपर्यंत एक कुत्रं आलं, तेही सावलीला. तिसऱ्या दिवशी तर नेहमीची आजारी जनावरंही येईनाशी झाली. अर्जुनराव पाटील ह्यांना रस्त्यात भेटले ते म्हणाले म्हणे, "डाक्टर, धडधाकट जनावराला सुई म्हणजे निजल्या माणसाला तिरडी." हे घरी आले, हातपाय धुतले, जेवले. मला मात्र ताटावर बसवेना. लस आठ-दहा दिवसांच्यावर टिकायची नाही, मृग पंधरा दिवसांवर आलेला, आणि त्या गोठ्यातले ते रिकामे खुंटे सारखे डोळ्यांपुढे. चूक माझी होती, ताई, आणि ती बैलांनी भोगायची होती.

त्याच संध्याकाळी रुक्मिणीबाई आली. सत्तरीची, एक म्हैस आणि भरपूर तोंड एवढी तिची इस्टेट. आली ती सरळ भिंतीमागे जाऊन उभी राहिली आणि तिथूनच मला हाक मारली. मी गेले. "शिकल्यासवरल्या तुमी," म्हणाली, "आन् भर दावणीम्होरं त्याचं नाव घेतलं? योकदा न्हाई, तीनदा? माझी म्हस तवाधरनं माझ्याकडं बघत न्हाई." मी म्हटलं, रुक्मिणीबाई, चुकलं माझं, पण लस टोचायला हवी, नाव घेतल्याशिवाय लोकांना सांगायचं कसं? तर ती माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागली, जशी तू मला पहिल्यांदा चूल पेटवताना बघत होतीस. म्हणाली, "पोरगी बघाया पाव्हणं येत्यात, तवा दारात हुभं ऱ्हाऊन म्हंत्यात का, पोरगी बघाया आलो? म्हंत्यात, हिकडनं चाललो हुतो, पानी प्यायला टेकलो. पोरीला ठावं आसतं, आईला ठावं आसतं, आळीला ठावं आसतं. नाव कशाला घ्याया पायजे?"

मी रात्रभर विचार केला नाही, तिथल्या तिथेच धावत जाऊन ह्यांना सांगितलं. ह्यांना आधी पटेना. सरकारी दवंडी, तिला शब्द नकोत? दप्तरात काय लिहायचं? मी म्हटलं, "दवंडी दिली असं लिहा. खोटं कुठे आहे?" दुसऱ्या दिवशी ज्योतीराम पुन्हा निघाला. गोठ्यापुढे उभं राहायचं, डफ वाजवायचा, "ऐका हो ऐकाऽ" म्हणायचं, मग तोंड घट्ट मिटून काठीनं दवाखान्याकडे बोट दाखवावं तसं दाखवायचं, थोडं थांबायचं, आणि "म्हणून कळवलंय होऽ" म्हणून पुढे जायचं. मी ओसरीतून पाहत होते. इतकी गंभीर दवंडी मी जन्मात ऐकली नाही. लोक दारात येऊन मान डोलवत होते.

आणि ताई, लोक आले! पुढच्या पहाटे, सूर्य वर यायच्या आत दवाखान्यापासून पार नाशिक रस्त्यापर्यंत गुरांची रांग लागली. दोनशे चौदा जनावरं, आणि कुणी एक अक्षर बोलत नाही. "इकडं कुठं?" असं एकानं दुसऱ्याला विचारलं की दुसरा म्हणे, "आलो आपला, म्हशीला जरा हिंडवाया." पण वहीत प्रत्येक जनावराच्या नावापुढे 'आणण्याचे कारण' असा रकाना आहे, आणि हे नियमाचे पक्के. टोचायचं खोड्यापाशी, कारण विचारायचं भिंतीमागे, आणि माणूस एकच. मग मीच वही घेतली, भिंतीमागे एक घमेलं उपडं घालून त्यावर बसले. प्रत्येक मालक येई, खाली वाकून माझ्या कानात तोच एक शब्द सांगे, मी लिहून घेई, तो जाई. दोनशे चौदा वेळा. अर्जुनराव पाटील आपली बैलजोडी घेऊन आले तेव्हा मी मान वर केली नाही. ते वाकून म्हणाले, "बाई, आमच्या बैलांला काय बी झालेलं न्हाई. पर जे व्हनार न्हाई, त्येच्यासाठी आलोया." मी कारणाच्या रकान्यात तेच लिहिलं. एका म्हाताऱ्यानं बैलाचं कारण सांगून झाल्यावर स्वतःच्या गुडघ्याचंही सांगितलं, आणि एका सुनेनं सासूचं. तेही मी ऐकून घेतलं. रकाना नव्हता म्हणून लिहिलं नाही.

दुपारी ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी भिंतीवरून डोकावून पाहिलं. हे घामानं चिंब झाले होते, बाह्या दुमडलेल्या, एका हातात पिचकारी, दुसरा हात म्हशीच्या मानेवर. ह्यांनीही नेमकं तेव्हाच मान वर केली. भुवया उंचावून विचारलं, किती राहिली? मी दोन्ही हातांची बोटं चार वेळा उघडून दाखवली. ह्यांनी मान हलवली आणि हसले. ताई, लग्नाला तेवीस वर्षं झाली. आमच्या घरात तिसरं माणूस नाही हे तुला ठाऊकच आहे. त्यामुळे शांततेची टंचाई आम्हांला कधीच नव्हती. पण त्या दिवशीची शांतता निराळी होती. तिला दोघांचे हात लागले होते.

रुक्मिणीबाईची म्हैस टोचल्यावर दुसऱ्या दिवशी जरा तापली आणि चारा खाईना. म्हातारी पुन्हा भिंतीमागे हजर. मी तिला समजावलं, एक दिवस असं होतं, उद्या खाईल. उद्या खाल्लं नसतं तर मी आज हे सगळं पुण्याला तुझ्यासमोर बसूनच सांगितलं असतं. पण खाल्लं. म्हातारीनं तांब्याभर ताक आणून दिलं, आणि म्हशीचं शेण चांगलं पडतं आहे हेही सविस्तर सांगितलं. टोचलेलं लागू पडलं की नाही ते मात्र पाऊस सरेपर्यंत कळायचं नाही. मृग आता चार-पाच दिवसांवर आला. रोज सकाळी खिडकीतून आधी गळे बघते, मग चूल पेटवते.

पुण्याची जागा उत्तमच आहे, ह्यात शंका नाही. घरात नळ, विजेचा दिवा, तुझं घर दहा मिनिटांवर. रोगी म्हणजे टांग्यांचे घोडे आणि बंगल्यांतले कुत्रे. कुत्र्यांचे मालक म्हणे सगळं कुत्र्याच्या तोंडावरच सांगतात, आणि तेही इंग्रजीत. तिथे ह्यांना कुणाची गरज पडणार नाही, मला स्वस्थ बसून विणकाम करता येईल. इथे जे नवे डॉक्टर येतील ते कसे असतील, एवढंच मनात येतं. भिंतीमागे जातील का? शालनबाई कुणाशी बोलेल? पण ह्या आपल्या उगीचच्या शंका. नानासाहेबांनी आमच्यासाठी एवढे उंबरठे झिजवले, त्यांना माझा मनापासून नमस्कार सांग.

आता थांबते. खिडकीतून एक बैल माझ्याकडे बघतो आहे आणि त्याचा मालक मला भिंतीकडे खुणावतो आहे. दोघांनाही ताटकळत ठेवणं बरं नाही.

तुझी,
इंदू

ता. क. नानासाहेबांना आलेलं पत्र परसात बसून मोठ्यानं वाचायची सवय आहे. वर मी त्या दुखण्याचं नाव बेधडक लिहून गेले आहे, आणि तेही एकदा नव्हे. तेव्हा वाचण्यापूर्वी कपिलेला पुढच्या अंगणात नेऊन बांध. हसू नकोस. बांध.

ता. क. आणखी एक. रुक्मिणीबाईच्या म्हशीपासून पुढचं सगळं ज्या कागदावर आहे, तो उलटून पाहा. होय, तोच. ह्यांचा अर्ज. सही आहे, तारीख घातलेली नाही. नानासाहेबांना तो साहेबांपुढे ठेवता येईल असं वाटत नाही, कारण साहेबांनी चुकून पाठ पाहिली तर त्यांना म्हशीच्या शेणाची सविस्तर हकीकत वाचावी लागेल.

ता. क. शेवटचा. हे मी आपल्या मनानं केलं असं समजू नकोस. रुक्मिणीबाईच्या म्हशीपाशी आले आणि माझा कागद संपला. हे समोर स्टोव्हवर सुया उकळत बसले होते. मी इकडे तिकडे शोधायला लागले. हे उठले, पाकिटातून अर्ज काढला, उलटा केला आणि माझ्यापुढे सरकवला. "हा घे. मागं कोरा आहे," म्हणाले आणि भिंतीमागे निघून गेले. मी खिडकीतून पाहिलं. खोडा रिकामा होता, रस्त्यापर्यंत एकही जनावर नव्हतं. तरी मी उठले आणि भिंतीमागे गेले. तिथे आमचं काय ठरलं ते तू ओळखलंच असशील. नाव कशाला घ्यायला हवं?